मुबारक नको

वडिलांचं दहावं-तेरावं उरकून मी दोह्याला परतलो तेव्हा रमजान संपत आला होता आणि माझं डोकं चकोट होतं. पुढचं सगळं महाभारत एवढ्यावरून झालं.

दोह्याला लागून असलेल्या लुसैलमधल्या आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये पहिल्याच सकाळी अकाउंट्समधला इजिप्शियन भेटला. धिप्पाड, हसतमुख माणूस, पण आमची ओळख 'गुड मॉर्निंग'पलीकडे कधी गेलेली नव्हती. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं, त्याचा चेहरा उजळला आणि दार बंद व्हायच्या आत त्याने मला मिठी मारली. "माशाल्ला! उमरा मबरूक! आमच्यासाठी दुआ मागितलीस ना?"

उमरा म्हणजे मक्केची यात्रा. ती करून आलेले पुरुष डोकं भादरतात आणि रमजानमध्ये तर इथून गाड्या भरभरून लोक जातात. त्यामुळे त्या दिवसांत दोह्यात चकोट डोकं दिसलं की माणूस मक्केहून आला, हे न विचारता धरून चालतात. माझा धर्म कोणता, गाव कुठलं, हे त्या बिचाऱ्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. इथे आम्ही सगळे 'इंडियन', त्यापुढे चौकशी होत नाही.

मी काय म्हणालो? "शुक्रन" म्हणालो. तोंडातून आपोआप निघालं. इथे दिवसभर आपण शुक्रन आणि थँक्यू म्हणत फिरतो, दार धरलं तरी थँक्यू, पाणी दिलं तरी थँक्यू. जीभ वळणाला लागते. माझ्या मजल्यावर उतरेपर्यंत मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली होती आणि ती लपवायला मस्तकावर केसही नव्हते. माझा बाप गेला होता आणि मी त्याबद्दल अभिनंदन स्वीकारून आलो होतो.

एक स्पष्ट सांगतो. उमऱ्याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. ज्यांनी केला त्यांचं भलं होवो. आणि मी काही मोठा देवाधर्माचा माणूस नाही. दहाव्याला नदीकाठी न्हाव्यापुढे बसेपर्यंत मी चुलतभावाशी वाद घालत होतो, की ह्याची काय गरज आहे. पण वस्तरा डोक्याला लागला आणि वाद संपला. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांसाठी करण्यासारखं आता एवढंच उरलं होतं. आमच्याकडे शेंडीही ठेवत नाहीत, सगळं साफ. पाण्यात पडलेले माझे केस वाहत जाताना मी पाहिले आणि पहिल्यांदा मला नीट कळलं की दादा गेले.

दादांची तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी होती. गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. "मीठ दे" हे वाक्यसुद्धा ते शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत. गिरणी विकून टाकली तरी आवाज तसाच राहिला. मला फोन करत तेव्हा मी मोबाइल हातभर लांब धरायचो. माझी बायको म्हणायची, फोन नसता तरी चाललं असतं. भुवयांवर पीठ बसून बसून त्या कायमच्या पांढऱ्या झाल्यात असं मला लहानपणी वाटायचं. हे असं सगळं सांगायला मला माणूस हवा होता, आणि इथे तो मिळेना.

आमच्याकडे माणूस गेला की लोक भेटायला येतात. चहा कोणी विचारत नाही, आलेला मागत नाही. तो येतो, सतरंजीवर टेकतो, थोडा वेळ जमिनीकडे बघतो आणि मग विचारतो, "कसं झालं?" त्यावर घरच्याने पहिल्यापासून सांगायचं. सकाळी किती वाजता उठले, काय खाल्लं, काय बोलले, कुठे बसले. आधीच्याला सांगून झालेलं असलं तरी पुढच्याला पुन्हा सुरुवातीपासून. ऐकणारा अधूनमधून "अरेरे" म्हणतो आणि उठताना 'येतो' न म्हणता तसाच निघून जातो. लहानपणी मला हा प्रकार भयंकर वाटायचा. तेच तेच काय उगाळायचं, असं मी म्हणायचो. आता कळतं की उगाळल्याशिवाय ते अंगात जिरत नाही.

मी गावी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, अंगण माणसांनी भरलं होतं आणि सगळे माझ्यासाठीच थांबले होते. आईने माझा हात धरला, पण बोलायला जागा कुठे होती? पुढचे दिवस मी तिच्या शेजारी बसून तिचं सांगणं ऐकत गेलो: सकाळी अंघोळ झाली, ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत बसले, मी कपडे वाळत घालून आले तर पेपर मांडीवर आणि मान कलती, बसल्याजागी गेले, कसलाच त्रास काढला नाही. लोक म्हणायचे, पुण्यवान माणूस. दोन-तीन दिवसांनी आईचा घसा बसला तेव्हा मी सांगायला लागलो, तिच्याच शब्दांत.

आणि मग रजा संपली. विमान दोह्यात उतरलं आणि सांगणं तिथेच तुटलं.

इथे दुःखाची सोय फार व्यवस्थित आहे. एचआरकडून एक मेल आला, त्यात 'सॉरी फॉर युवर लॉस' होतं आणि खाली रजेचा हिशेब होता. शेजारच्या टेबलावरच्यांनी खांद्यावर हात ठेवून तेच तीन-चार शब्द म्हटले आणि लगेच रास लफानच्या साइटच्या कामाचं विचारलं, कारण माझ्यामागे ड्रॉइंग तुंबली होती. मराठी मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, आणि त्या रांगेच्या शेपटाला कोणीतरी घरगुती पुरणपोळीच्या ऑर्डरी मागवल्या होत्या. कोणी वाईट वागलं असं नाही. फक्त 'कसं झालं' एकानेही विचारलं नाही. परक्यांचं सोडा, आपल्या लोकांनीही विचारलं नाही. इथे राहून आपणही शिकलो आहोत, की असलं काही विचारणं म्हणजे नाक खुपसणं.

विचारत होते ते फक्त उमऱ्याबद्दल. कँटीनवाला, पार्किंगमधला गार्ड, खालच्या दुकानातला हैदराबादी. "उमरा मुबारक, भाईजान. भीड थी क्या?" दोन दिवस मी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पुन्हा इजिप्शियन आला आणि मक्केहून आणलेल्या खजुरांतला एखादा तरी दे म्हणून मागायला लागला. तेव्हा मी ठरवून टाकलं. खलास. आता मान डोलवायची नाही.

"उमरा नाही," मी म्हणालो. "माझे वडील वारले. आमच्यात वडील गेले की मुलगा केस काढतो."

त्याने तोंडावर हात ठेवला. माफी मागितली. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. मी थांबलो नाही. त्याने विचारलं नव्हतं, तरी मी कसं झालं ते सांगायला लागलो. अंघोळ, ओटा, खुर्ची, पेपर. त्याचा मजला आला. तो दाराशी एक पाय बाहेर, एक पाय आत असा उभा राहिला, दार बंद व्हायला बघायचं आणि त्याला लागून परत उघडायचं. मी पेपरापर्यंत पोचलो तेव्हा कुठे तो "अल्ला यरहमो" अशी गेलेल्यासाठीची दुआ म्हणून सटकला. त्यानंतर काही दिवस तो मला बघून दुसरी लिफ्ट धरायचा. धरू दे.

घरी बायकोला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "अहो, लिफ्टमध्ये कशाला? त्या बिचाऱ्याचा काय दोष?"

"दोष नाहीच. पण मिठी मारायला लिफ्टमध्ये जागा होते, मग ऐकायला का नाही?"

"तुम्ही अगदी दादांवर गेलात," ती म्हणाली. मला ते बरं वाटलं.

मग मी कोणालाच सोडलं नाही. जो मुबारक म्हणेल त्याला पूर्ण हकीकत. हैदराबादी दुकानदाराने ऐकता ऐकता मला स्टुलावर बसवलं, पण गिऱ्हाईक आलं. गार्डला माझं इंग्रजी कळलं नाही, तरी तो कॅप काढून उभा राहिला. काहीजण घड्याळ बघायचे. काहीजण "इन्शाल्ला, सब ठीक होगा" म्हणायचे. वडील गेल्यावर इन्शाल्ला काय ठीक होणार, असं मी त्यातल्या एकाला विचारलंसुद्धा.

ईदनंतर पहिली मोठी मीटिंग होती. समोर कतारी क्लायंट, पांढराशुभ्र पायघोळ थोब घातलेला तरुण अधिकारी. आमच्याकडून मी आणि माझा मॅनेजर. मॅनेजर पुण्याचा. ऑफिसात आम्ही इंग्रजी बोलतो, केबिनचं दार लागलं की मराठी. अधिकाऱ्याने हात मिळवताना माझ्या डोक्याकडे बघितलं आणि मनापासून हसून उमऱ्याबद्दल अभिनंदन केलं. मॅनेजरने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मला त्याचा अर्थ चांगला कळला.

"थँक यू, पण हे उमऱ्याचं नाही," मी म्हणालो. "माझे वडील गेले, त्याचं आहे."

अधिकाऱ्याचं हसू मावळलं. त्याने छातीवर हात ठेवून त्यांच्या भाषेतला दुखवट्याचा शब्द उच्चारला. मग कोणीतरी स्क्रीन चालू केली आणि मीटिंग झाली. चांगली झाली, मुद्दे मंजूर झाले.

तरी संध्याकाळी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

"हे बघा, तुमच्या भावना मी समजू शकतो. माझेही वडील गेलेत. पण लोक अनकम्फर्टेबल होतायत हो. एचआरकडेही कोणीतरी बोललंय. थोडे दिवस टोपी घालत जा ना. केस येईपर्यंत."

"टोपी कशासाठी?"

"म्हणजे प्रश्नच उद्भवणार नाही."

"प्रश्न उद्भवायलाच पाहिजे, सर. प्रश्न उद्भवावा म्हणूनच तर केस काढतात."

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. पण बोलून गेल्यावर मला ते पटलं. आपल्या गावात चकोट डोकं घेऊन बाजारातून गेलं की माणसं सायकलवरून उतरतात. भाजीवाली कोथिंबिरीची जुडी हातात तशीच धरून विचारते, कोण गेलं रे बाबा? त्या डोक्याचं कामच ते आहे. आणि हा मला त्यावर टोपी घालायला सांगत होता.

"तुम्ही उगाच इश्यू करताय," तो म्हणाला. "थँक्यू म्हणून पुढे जायचं. कोणाचं काय जातं?"

"माझं जातं. सर, तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही केस काढले होते?"

तो जरा वेळ पेनाशी खेळत बसला. "आम्ही प्रतीकात्मक केलं," तो शेवटी म्हणाला. "लगेच इकडे यायचं होतं ना."

टोपी घालणार नाही एवढं सांगून बाहेर आलो. कंपनीने काढलं असतं तर काढलं असतं. घराचे हप्ते, मुलीची इंग्रजी शाळा, सगळं डोळ्यांपुढे होतं, तरीही त्या दिवशी मी मागे हटलो नसतो. कोणी काढलं नाही. कोणी पुन्हा विषयही काढला नाही.

आणि मग केस आले.

ह्यावर माझा काहीच उपाय नव्हता. आधी खरखरीत खुंट, मग बोटांत येईल एवढे. बायको म्हणाली, आता माणसात आलात. गार्ड नुसता सलाम ठोकायला लागला, हैदराबादी दुकानदार मोड आलेल्या मटकीच्या पाकिटाबद्दल बोलायला लागला, इजिप्शियन माझ्याच लिफ्टने येऊ लागला. मुबारक बंद झालं. मी ज्याच्यावर एवढा चिडलो होतो ते गेलं आणि मला हायसं वाटायच्या ऐवजी चुकल्याचुकल्यासारखं झालं. कारण त्या मुबारकामुळेच मला दादांचं नाव काढता येत होतं. आता बोलायला निमित्तच राहिलं नाही. मनात आलं, सरळ पुन्हा भादरून यावं. दोनदा सलूनच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

त्या सुमारास आमच्या टीममधला सुदानी इंजिनियर लांबलेली रजा संपवून आला. वयाने मोठा, निवांत चालीचा. आखूड केस बघून तोही म्हणालाच, "उमरा?" बहुधा शेवटचा तोच. मी सांगितलं, वडील गेले. त्याने हातातला लॅपटॉप मिटला, माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाला, "सांग. सकाळपासून सांग."

मला वाटलं आपण गावच्या ओट्यावर बसलोय. मी सगळं सांगितलं. गिरणी, आवाज, भुवया, पेपर. त्याने मधे घड्याळ पाहिलं नाही. संपल्यावर त्याने विचारलं, "शेवटी जवळ कोण होतं?"

"माझी आई."

"तिने तुला काय सांगितलं?"

"हेच. सगळ्यांना सांगते तेच."

"सगळ्यांना नाही," तो म्हणाला. "तुला."

खरं होतं ते. आईने मला काहीच सांगितलं नव्हतं. मी तिला दुसऱ्यांना सांगताना ऐकलं होतं. जगाने मला विचारावं म्हणून मी दोहाभर भांडत फिरलो आणि मी स्वतः तिला एकदाही विचारलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी आईला फोन लावला. ती नेहमीप्रमाणे व्हिडिओत अर्धीच दिसत होती, कपाळ आणि वरचा पंखा. आधी तिने केस आले का ते बघितलं, बरं वाटलं म्हणाली. आता भेटायला कोणी येत नाही, असंही म्हणाली. मग मी विचारलं.

"आई, कसं झालं?"

"काय कसं झालं?"

"दादांचं."

"अरे, तुला माहितेय की सगळं."

"मला तू सांगितलं नाहीस कधी. पहिल्यापासून सांग."

तिने सुरू केलं. अंघोळ, ओटा, खुर्ची, पेपर, इतक्या वेळा सांगून शब्द अगदी गुळगुळीत झाले होते. कपडे वाळत घालायच्या जागी ती अडली. फोन खाली गेला, आता नुसता पंखा दिसत होता.

"सकाळी भांडण झालं होतं आमचं," ती म्हणाली. "पाण्याच्या मोटरीवरून. ते ओट्यावरून ओरडत होते, माझं डोकं दुखत होतं. मी म्हटलं, पन्नास वर्षं तुमची गिरणी माझ्या कानात चालू आहे, आज तरी जरा गप्प बसा. आणि बसले रे. खरंच गप्प बसले. मला वाटलं, रुसले. म्हटलं रुसू देत, तेवढीच शांतता. निवांत कपडे धुतले, भाजी निवडली. तासभर त्यांच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही मी."

पंखा फिरत होता.

"एवढी माणसं आली, कोणाला नाही सांगितलं," ती म्हणाली. "काय तोंडाने सांगू? तूही कुठे बोलू नकोस."

लिफ्टमधला, केबिनमधला, इतक्या दिवसांचा सगळा राग एकदम वर आला. तिच्यावर नव्हे. तिच्या त्या 'बोलू नकोस'वर. आणि मी ओरडलो, इतका की बायको आतून धावत आली.

"बोलणार! कोणीही विचारू दे, मी हेच सांगणार! पन्नास वर्षांत एकदा तू त्यांना गप्प बसा म्हणालीस, तो हक्क होता तुझा. त्यांचं हृदय बंद पडलं, ते तुझ्या बोलण्याने नाही. ऐकतेस का? आता आपल्या घरात कोणी गप्प बसायचं नाही. तूसुद्धा नाही!"

मग फोन उचलला गेला आणि पहिल्यांदा तिचा पूर्ण चेहरा दिसला.

"किती ओरडतोस रे," आई म्हणाली, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा, शेजारीपाजारी ऐकतील ह्याची पर्वा न करता, मोठ्याने रडायला लागली.